मिडी नॉब नियंत्रक

मिडी नॉब नियंत्रक : संगणकाच्या साहाय्याने संगीताची निर्मिती करताना ध्वनीची पातळी, त्याचा पोत, प्रतिध्वनीचे प्रमाण इत्यादी गोष्टी प्रत्यक्ष हाताने बदलता याव्यात यासाठी वापरण्यात येणारे उपकरण. एका लहान पेटीवर बसविलेले फिरते नॉब हे त्याचे मुख्य अंग असून त्यांच्या जोडीला पुष्कळदा सरकत्या पट्ट्या व बटणेही असतात. या पेटीत स्वतःचा असा कोणताही ध्वनी निर्माण होत नाही किंवा तीमधून ध्वनी जातही नाही. कोणता नॉब कोठवर फिरविला आहे हे संख्येच्या रूपाने कळविणे एवढेच तिचे कार्य होय. त्या संख्येचा अर्थ कोणता, हे ती स्वीकारणारी आज्ञावली ठरविते. संख्या एकीकडे व अर्थ दुसरीकडे अशी ही विभागणी हीच या उपकरणाची मोठी सोय आहे; वापरताना येणाऱ्या बहुतेक अडचणींचे मूळही तीच आहे.

पूर्वपीठिका : १९७० मध्ये बाजारात आलेल्या मिनिमूगसारख्या सदृश पद्धतीच्या सिंथेसायझरमध्ये जवळजवळ प्रत्येक कार्यासाठी स्वतंत्र नॉब असे आणि तो फिरविल्याने मंडलातील विद्युत् दाब वा रोध प्रत्यक्षच बदलत असे. वादकाचा हात व ध्वनी यांमध्ये दुसरा दुभाषी नव्हता. १९८३ मध्ये आलेल्या यामाहा कंपनीच्या डीएक्स७ या अंकीय वाद्यात ही परिस्थिती पालटली. ध्वनी घडविणाऱ्या बदलत्या राशी, म्हणजे प्राचल, इतके वाढले होते की प्रत्येकास नॉब देणे परवडणारे नव्हते. त्यामुळे बटणाने हवा तो प्राचल निवडावयाचा, लहानशा पटलावर त्याचे नाव वाचावयाचे आणि एका सामाईक पट्टीने किंवा बटणांनी त्याचे मूल्य बदलावयाचे, अशी रचना रूढ झाली. जी गोष्ट पूर्वी हाताला आपोआप सापडे ती आता डोळ्यांनी शोधावी लागू लागली. ही उणीव उत्पादकांच्याही ध्यानात आली होती. रोलँड कंपनीने त्याच वर्षीच्या जेएक्स-३पी या वाद्यासाठी पीजी-२०० ही नॉबांची निराळी पेटी उपलब्ध करून दिली. मात्र अशी पेटी ठराविक वाद्यासाठीच बनविलेली असे.

पुढे संगणक संगीताच्या क्षेत्रात आला. १९८५ मध्ये आलेल्या अटारी एसटी या संगणकात मिडीची जोडस्थाने अंगचीच होती आणि त्यासाठी १९८९ मध्ये स्टाइनबर्ग कंपनीची क्यूबेस ही आज्ञावली निघाली. १९९६ मध्ये याच कंपनीने व्हीएसटी हे तंत्र आणले. त्यामुळे ध्वनिमिश्रणाचे फलक, परिणामयंत्रे व कालांतराने वाद्येही संगणकातच सामावली गेली. पडद्यावर शेकडो नॉब चितारलेले, परंतु ते फिरविण्यासाठी हातात एकच माउस, अशी स्थिती निर्माण झाली. माउसने एका वेळी एकच नॉब हलविता येतो आणि तो हलविताना नजर पडद्यावरून काढता येत नाही. कोणत्याही आज्ञावलीशी जोडता येईल अशा सर्वसाधारण नॉब नियंत्रकाची गरज या परिस्थितीतून वाढली.

मिडी प्रमाण : निरनिराळ्या कंपन्यांची वाद्ये एकमेकांस जोडता यावीत यासाठी ठरविलेल्या समान संकेतांस मिडी असे म्हणतात. ‘म्युझिकल इन्स्ट्रुमेंट डिजिटल इंटरफेस’ या इंग्रजी नावातील आद्याक्षरांवरून हा शब्द बनला आहे. अमेरिकेतील सीक्वेन्शियल सर्किट्स या कंपनीचे डेव्ह स्मिथ व चेट वुड यांनी १९८१ मध्ये ऑडिओ एंजिनिअरिंग सोसायटीपुढे अशा समान योजनेचा प्रस्ताव मांडला. जपानमधील रोलँड कंपनीचे संस्थापक इकुतारो काकेहाशी यांनी या कल्पनेचा आधीपासून पाठपुरावा केला होता. यामाहा, कॉर्ग व कावाई या जपानी कंपन्याही या कार्यात सहभागी झाल्या. जानेवारी १९८३ मध्ये अमेरिकेतील नॅम या वाद्यव्यवसायाच्या प्रदर्शनात सीक्वेन्शियलचे प्रॉफेट-६०० व रोलँडचे जुपिटर-६ ही दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांची वाद्ये एका तारेने जोडून दाखविण्यात आली आणि त्याच वर्षी प्रमाणाची पहिली आवृत्ती प्रसिद्ध झाली. या कार्याबद्दल स्मिथ व काकेहाशी यांना २०१३ मध्ये तांत्रिक ग्रॅमी पुरस्कार देण्यात आला. काकेहाशी यांचे २०१७ मध्ये, तर स्मिथ यांचे २०२२ मध्ये निधन झाले.

मूळ प्रमाणात पाच टाचण्यांचे वर्तुळाकार जोडस्थान वापरले जाते. तारेतून सु. ५ मिलिअँपिअर प्रवाह वाहतो आणि घेणाऱ्या उपकरणात तो प्रकाशाच्या साहाय्याने अलग ठेवलेल्या मंडलातून पुढे जातो. त्यामुळे दोन उपकरणांत विद्युत् संबंध राहत नाही व घरघर टळते. संदेशाचा वेग सेकंदास ३१,२५० बिट इतका असतो. प्रत्येक बाइटबरोबर आरंभ व समाप्ती दर्शविणारे दोन जादा बिट जात असल्याने एका बाइटला ३२० मायक्रोसेकंद व तीन बाइटांच्या संदेशास सु. एक मिलिसेकंद लागतो. १९९९ मध्ये यूएसबी तारेवरून मिडी संदेश पाठविण्याचे प्रमाण ठरले. नॉब नियंत्रक बहुधा याच तारेने संगणकास जोडला जातो आणि त्यास लागणारी वीजही पुष्कळदा तिच्यातूनच मिळते.

अंतर्गत रचना : नॉबाचे दोन प्रकार आहेत. पहिल्या प्रकारात नॉबाखाली पोटेन्शिओमीटर म्हणजे चल रोधक असतो. तो साधारणतः २७०° ते ३००° इतकाच फिरतो व दोन्ही टोकांस अडतो. त्याच्या मधल्या टोकावरील विद्युत् दाब नॉबाच्या स्थानाप्रमाणे बदलतो. सदृश-अंकीय परिवर्तक हा दाब ठराविक काळाने मोजून त्याची संख्या करतो व पेटीतील सूक्ष्मनियंत्रक त्या संख्येचा मिडी संदेश बनवितो. नॉब स्थिर असतानाही दाबात अल्पशी थरथर असते. तिच्यामुळे निष्कारण संदेश जाऊ नयेत म्हणून ठराविक मर्यादेपलीकडचा बदलच खरा मानण्याची व्यवस्था सूक्ष्मनियंत्रकात केलेली असते.

दुसऱ्या प्रकारात एन्कोडर असतो. तो कितीही वेळा गोल फिरू शकतो. त्याच्याकडून स्थान कळत नाही, तर कोणत्या दिशेने किती पायऱ्या फिरला एवढेच कळते. काही नियंत्रकांत त्याच्याभोवती लहान दिव्यांचे कडे असून चालू मूल्य त्यावर दिसते.

संदेशाचे स्वरूप : नॉब फिरविला असता जाणाऱ्या संदेशास नियंत्रण-बदलाचा संदेश म्हणतात. त्यात तीन बाइट असतात. पहिल्यात संदेशाचा प्रकार व वाहिनी, दुसऱ्यात नियंत्रणाचा क्रमांक आणि तिसऱ्यात मूल्य असते. वाहिन्या एकूण १६ आहेत. पहिल्या वाहिनीवर १६ क्रमांकाचा नॉब मध्यावर आणला तर १७६, १६, ६४ अशा तीन संख्या जातात. बाइटमधील आठ बिटांपैकी एक बिट संदेशाचा आरंभ ओळखण्यासाठी राखून ठेवल्याने क्रमांकासाठी व मूल्यासाठी सातच बिट उरतात. म्हणून दोन्ही संख्या ० ते १२७ या मर्यादेतच असतात.

काही क्रमांकांना प्रमाणात ठराविक अर्थ दिलेले आहेत. उदा., १ हा स्वरकंपनासारख्या बदलासाठी, ७ ध्वनिपातळीसाठी, १० ध्वनी डावीउजवीकडे सरकविण्यासाठी, ६४ स्वर धरून ठेवणाऱ्या पायपट्टीसाठी आणि ७४ ध्वनीच्या तेजस्वितेसाठी योजिलेला आहे. १२० ते १२७ हे क्रमांक सर्व स्वर बंद करणे यासारख्या विशेष आज्ञांसाठी राखीव असल्याने ते नॉबास देऊ नयेत. संदेशात फिल्टर, प्रतिध्वनी असे कोणतेही नाव जात नाही, तसेच तो कोणत्या कंपनीच्या पेटीतून आला हेही त्यात नसते. म्हणूनच एका कंपनीचा नॉब दुसऱ्या कंपनीच्या आज्ञावलीस अडसर न होता चालवू शकतो.

आज्ञावलीशी जुळणी : ही क्रिया समजण्यासाठी कॉर्ग कंपनीचा नॅनोकंट्रोल २ हा लहान नियंत्रक व एबल्टन कंपनीची २००१ पासून निघत असलेली लाइव्ह ही आज्ञावली यांचे उदाहरण घेता येईल. या नियंत्रकावर आठ नॉब, आठ सरकत्या पट्ट्या व अनेक बटणे आहेत. नियंत्रण-बदलाच्या सर्वसाधारण पद्धतीत ठेवला असता त्याच्या पट्ट्यांना मुळात ० ते ७ व नॉबांना १६ ते २३ हे क्रमांक दिलेले असतात.

प्रथम पेटी संगणकास जोडून मग आज्ञावली सुरू करणे सोयीचे असते. आज्ञावलीच्या मांडणी पटलातील मिडी विभागात जोडलेल्या उपकरणाचे नाव दिसते व त्यासमोर ट्रॅक, सिंक व रिमोट असे पर्याय असतात. ट्रॅक म्हणजे आलेले संदेश वाद्याकडे पाठविणे, सिंक म्हणजे तालगती जुळविणे आणि रिमोट म्हणजे आज्ञावलीतील प्राचल दुरून चालविणे. नॉब नियंत्रकासाठी रिमोट चालू ठेवावा लागतो. यानंतर मिडी मॅप या अवस्थेत गेले असता जोडता येण्याजोगे सर्व प्राचल पडद्यावर निळ्या रंगात दिसू लागतात. हवा तो प्राचल माउसने निवडून पेटीवरील नॉब किंचित फिरविला की दोहोंचा संबंध जुळतो. या क्रियेस मॅपिंग म्हणतात. जुळलेल्या संबंधांची यादी पडद्यावर दिसते आणि तीत प्रत्येकाचे किमान व कमाल मूल्य ठरविता येते. अखेरीस मॅप अवस्थेतून बाहेर पडावयाचे असते. ते विसरल्यास नॉब फिरवूनही ध्वनीत बदल होत नाही व दोष पेटीत असल्याचा समज होतो. इतर आज्ञावलींत पर्यायांची नावे वेगळी असली, तरी उपकरणास अनुमती देणे, प्राचल निवडणे, नॉब हलवून तो ओळखविणे व मर्यादा ठरविणे हाच क्रम बहुधा आढळतो.

वरील उदाहरणात ट्रॅक हा पर्याय निष्कारण चालू राहिल्यास एक विचित्र अडचण उद्भवू शकते. आठव्या पट्टीचा क्रमांक ७ म्हणजे प्रमाणातील ध्वनिपातळीचा क्रमांक होय आणि दुसऱ्या पट्टीचा क्रमांक १ स्वरकंपनाचा. जोडणी न केलेली पट्टी हलविली असता तिचे संदेश वाद्यापर्यंत पोहोचून वाद्याचा आवाज एकाएकी खाली जाणे किंवा स्वर थरथरणे शक्य असते. तसेच एकाच वाहिनीवर व त्याच क्रमांकांवर ठेवलेल्या दोन सारख्या पेट्या वापरल्यास त्यांच्या संदेशांत फरक उरत नाही. उपकरणासोबत मिळणाऱ्या संपादक आज्ञावलीने दुसऱ्या पेटीस निराळी वाहिनी देणे हा यावरील उपाय होय.

मूल्यांच्या पायऱ्या : सात बिटांमुळे नॉबाचा सलग वाटणारा फेरा प्रत्यक्षात १२८ मूल्यांत तुटलेला असतो. २७०° फिरणाऱ्या नॉबात एक पायरी दोन अंशांहून किंचित जास्त असते. ध्वनिपातळीच्या दृष्टीने हे बहुधा पुरेसे ठरते. फिल्टरच्या बाबतीत मात्र तसे नाही. फिल्टरची कंप्रता २० ते २०,००० हर्ट्‌झ एवढ्या विस्तारात फिरवावयाची झाल्यास तो विस्तार सु. दहा सप्तकांचा होतो आणि एक पायरी हार्मोनियमवरील लगतच्या दोन स्वरांमधील अंतराएवढी, सु. ०.९४ अर्धस्वर, पडते. फिल्टरचे अनुस्पंदन वाढविलेले असेल तर नॉब फिरविताना मींड ऐकू येण्याऐवजी जिना चढल्यासारखे टप्पे ऐकू येतात.

यावर तीन उपाय आहेत. पुष्कळ आज्ञावली दोन मूल्यांमधील अंतर अल्प काळात हळूहळू भरून काढतात. दुसरा उपाय वापरणाऱ्याच्या हाती असतो. मॅपिंगमधील किमान व कमाल मूल्ये जवळ आणून फिल्टरचा फेरा दोन सप्तकांपुरता मर्यादित केला, तर तीच पायरी सु. ०.१९ अर्धस्वर इतकी बारीक होते. संगीताच्या दृष्टीने उपयोगी तेवढाच पट्टा नॉबास देणे म्हणूनच हितावह ठरते. तिसरा उपाय प्रमाणातच आहे. ० ते ३१ या क्रमांकांची ३२ ते ६३ या क्रमांकांशी जोडी लावून एकाने स्थूल व दुसऱ्याने सूक्ष्म मूल्य पाठविता येते. तंबोऱ्याची तार खुंटीने स्थूलमानाने मिळवून मग मण्याने सुरेल करतात, तशीच ही योजना आहे. तिच्यामुळे १६,३८४ मूल्ये मिळतात. परंतु पेटी व आज्ञावली या दोहोंना ती मान्य असावी लागते व अनेक स्वस्त नियंत्रकांत ती नसते.

स्थानांतील तफावत : नॉबाचे स्थान व आज्ञावलीतील मूल्य या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत, हे नवशिक्यास प्रथम जाणवते ते बहुधा अनपेक्षित प्रसंगी. समजा, एका गीतात प्रतिध्वनीचे मूल्य १०० वर ठेवले आणि नंतर दुसरे गीत उघडले, ज्यात तेच मूल्य २० आहे. पडद्यावरील नॉब २० वर येतो. हाताखालचा नॉब मात्र १०० वरच राहतो, कारण त्यास फिरविणारी यंत्रणा पेटीत नसते. आता त्यास जरासा स्पर्श झाला तरी १०१ हे मूल्य जाते व ध्वनी एका क्षणात २० वरून १०१ वर उडी घेतो. घरी हे केवळ त्रासदायक असते. रंगमंचावर, मोठ्या ध्वनिवर्धकांसमोर व पातळीच्या नॉबाबाबत असे घडल्यास श्रोत्यांच्या कानांना व ध्वनिवर्धकांना इजा पोहोचू शकते.

ही उडी टाळण्यासाठी आज्ञावलींत विशेष पद्धती असतात. उचल पद्धतीत नॉब फिरत फिरत पडद्यावरील मूल्यापर्यंत पोहोचेपर्यंत त्याचे संदेश दुर्लक्षिले जातात व त्यानंतरच तो प्राचल आपल्या हाती घेतो. यात उडी नसते, पण नॉब काही काळ निर्जीव भासतो. प्रमाणित बदलाच्या पद्धतीत दोन मूल्यांतील अंतर नॉबाच्या उरलेल्या फेऱ्यावर वाटून हळूहळू मिटविले जाते. यात नॉब लगेच प्रतिसाद देतो, परंतु हाताच्या व ध्वनीच्या हालचालींचे प्रमाण तात्पुरते बिघडते. लाइव्हमध्ये या दोन्ही पद्धती व कोणतीही पद्धत नको असा तिसरा पर्याय आढळतो.

एन्कोडर असलेल्या नियंत्रकात हा प्रश्न मुळातच टाळता येतो. कारण तो ‘मूल्य १०१ करा’ असे न सांगता ‘आहे त्यात एकाने वाढवा’ असे सांगू शकतो. यासाठी तिसऱ्या बाइटचा अर्थ बदलावा लागतो. एका संकेतात ६५ म्हणजे एक पायरी पुढे व ६३ म्हणजे एक पायरी मागे; दुसऱ्या संकेतात हीच कामे अनुक्रमे १ व १२७ या संख्या करतात. पेटी व आज्ञावली यांनी एकच संकेत निवडलेला नसल्यास नॉब एका दिशेस फिरविताच मूल्य टोकाला जाते किंवा दोन टोकांत हेलकावते. असे आढळल्यास प्रथम हा संकेत तपासावा.

मॅपिंगची योजना : आठ नॉबांना आठ प्राचल जोडणे सोपे असते; कोणते आठ जोडावेत हे ठरविणे कठीण असते. एकदाच बसवावयाच्या गोष्टींसाठी माउस पुरतो. वाजविताना सतत वा एकाच वेळी बदलाव्या लागणाऱ्या गोष्टींना मात्र नॉब द्यावेत. प्रत्येक गीतात एकाच जागी एकाच जातीचा प्राचल ठेवल्यास, उदा., पहिला नॉब नेहमी फिल्टरचा व शेवटचा प्रतिध्वनीचा, हातास सवय लागून पाहण्याची गरज कमी होते. मॅपिंग गीताच्या फाइलीत साठविले जाते की आज्ञावलीच्या सर्वसाधारण मांडणीत, हेही आधी पाहून घ्यावे. लाइव्हमध्ये ते गीताच्या फाइलीबरोबर राहते. त्यामुळे नेहमीची मांडणी एका कोऱ्या नमुना फाइलीत ठेवून प्रत्येक नवे काम तिच्यापासून सुरू करणे श्रेयस्कर ठरते.

नवी आवृत्ती : जानेवारी २०२० मध्ये मिडी २.० या नव्या प्रमाणाची घोषणा झाली. त्यात नियंत्रणाच्या मूल्यासाठी सातऐवजी ३२ बिटांची तरतूद असून ४,२९,४९,६७,२९६ मूल्ये शक्य होतात. दोन उपकरणे एकमेकांस आपल्या क्षमता विचारू शकतात व त्यानुसार आपली जुळणी करू शकतात. समोरच्या उपकरणाकडून उत्तर न आल्यास जुन्याच पद्धतीने बोलणे चालू राहते, त्यामुळे आधीची उपकरणे निरुपयोगी ठरत नाहीत.

तथापि कितीही बारीक संख्या पाठविता आली, तरी नॉब काय बदलणार हे पेटीस ठाऊक नसतेच. १९८३ च्या प्रमाणकर्त्यांनी संख्या तेवढी समान ठेवून तिचा अर्थ मोकळा सोडला आणि त्यामुळेच त्यांच्या डोळ्यांपुढे नसलेल्या आज्ञावलीही त्याच संदेशांनी चालविता आल्या. या मोकळेपणाची किंमत प्रत्येक वापरणाऱ्यास स्वतः मॅपिंग करून चुकती करावी लागते. ते विचारपूर्वक केलेले असेल, तरच संगणकासमोर बसलेल्या संगीतकारास, पूर्वीच्या सदृश वाद्याप्रमाणे, पडद्याकडे न पाहता कानाच्या आधारे हात चालविता येतो.